किसलेलं रॉकेट

“हे कुणालाच पटणार नाही, पण उपग्रह सोडणारं देशाचं पहिलं रॉकेट मी किसणीनं किसलंय,” मी म्हणालो. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या तांबोळीमावशी उठून बसल्या. जिच्यासाठी सांगत होतो, ती माझी बायको मात्र छताकडे बघत पडून राहिली. पक्षाघाताचा झटका येऊन चार दिवस झाले होते आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. त्यांना बोलतं करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझी थाप चारचौघांत पकडायची तिची जुनी सवय, तेवढ्याच भरवशावर मी होतो.

“समुद्राकाठी, माडांत आमची शेड. मी तिथला टर्नर, लेथवर धातू कातणारा. रॉकेट तीन किलो जड भरलं, साहेब लोक रडकुंडीला आले. मी हिची खोबऱ्याची किसणी नेली आणि शेपटापासून टोकापर्यंत किसत गेलो.”

मी उठलो, खिडकीशी गेलो, परत येऊन स्टूल पुढे ओढलं.

“मग सांध्यातून वायू गळायला लागला. तो मी हिच्या मोदकाच्या उकडीनं लिंपला.”

“काय सांगता,” मावशी म्हणाल्या. बायकोची पापणीही हलली नाही. याहून मोठी थाप आता कुठून आणू?

“शेवटी साहेब म्हणाले, उपग्रह राहू दे, तुम्हीच बसा आत. मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो.”

खाटेवरून जड, घोगरा आवाज आला.

“खोटं. मला विचारून कधी काय केलंत?”