शिडाचा दोर

खडकवासल्याच्या शर्यतीत वैजयंतीची शिडाची होडी पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होती, तेवढ्यात मागे धपकन आवाज झाला. सुधन्वा, तिचा नवरा, होडीसकट उलटला होता. बायकोच्या हाताखाली बसायचं नाही म्हणून त्यानं वेगळी होडी घेतली होती.

“आजच बुडायचं होतं का तुला?” चरफडत तिनं सुकाणू वळवलं.

“तू जा! जिंकतेयस!” तो पाण्यातून ओरडला.

“गप बस आणि हात दे.”

तिनं त्याला वर ओढेपर्यंत बाकीच्या होड्या निघून गेल्या. धाप टाकत तो म्हणाला, “शीड जरा सैल सोड.”

तिनं दोर त्याच्याच हातात कोंबला. “मी सांगेन तेव्हाच सोडायचा.”

दोर घट्ट धरून तो बसला. वारा फिरला तसं त्यानं हळूच विचारलं, “आता सोडू?”

“थांब.”

तो थांबला.