पहिला नंबर

दवाखान्याची खिडकी उघडायची होती आणि रांगेत मी पहिला होतो. माझ्यामागे सर्दी-खोकल्याची, अंगदुखीची माणसं गप्पा मारत उभी होती. तेवढ्यात एक जण बायकोला जवळजवळ उचलूनच घेऊन आला. तिला धाप लागली होती, ओठ निळे पडले होते.

"हिला तेवढं पुढे घ्या हो," तो हात जोडून म्हणाला.

"इथे सगळेच आजारी आहेत. लवकर निघायचं ना घरातून!" माझ्यामागून कोणीतरी म्हणालं.

"अहो, जिना उतरवतानाच तीनदा बसली."

खिडकी उघडली. शिपाई ओरडला, "जो आधी आला त्याचा नंबर आधी. मध्ये कोणी घुसायचं नाही!"

तो बिचारा तिला सावरत शेवटी जाऊन उभा राहिला. मी मागे गेलो आणि दोघांना माझ्या जागेवर आणलं.

"मी यांच्या जागी जातो. कोणाचा नंबर गेलेला नाही," मी शिपायाला म्हणालो.

"काका, तुम्हाला बरीच सवड दिसतेय," मागची बाई कुरकुरली.

थोड्या वेळाने तो धावत माझ्याकडे आला. "ऑक्सिजन लावला काका, आता बोलतेय ती! तुमचं कोण आजारी आहे? कुठे बसवलंय त्यांना?"




"कोणी नाही. मागच्या वर्षी आमची ही या रांगेत शेवटी उभी होती, तिचा नंबर आलाच नाही. म्हणून रोज पहिला नंबर धरायला येतो."