कागदावरची आवड
तेव्हा माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. विज्ञान शिकवत दिवस ढकलत होते. मुलांना विज्ञान किती आवडतं, हे मोजणारी प्रश्नावली शाळेत आली होती. शाळेची लाज राखायला मुख्याध्यापकांनी वर्गाला बजावलं, "सगळीकडे 'सहमत'वर खूण करा!" पोरांनी 'विज्ञान कंटाळवाणं वाटतं' यापुढेही तीच खूण केली. "बाई, आता तुम्हीच निस्तरा," म्हणून मुख्याध्यापकांनी गठ्ठा माझ्यासमोर आदळला. उलट्या खुणा खोडून मनगट भरून आलं. एकच कागद मनापासून भरलेला निघाला, नावासकट. 'बाई आनंदाने शिकवतात' यापुढे 'असहमत' होतं. ती मुलगी व्हरांड्यात आईची वाट पाहत होती. तिला हाक मारली. "अगं, मी कधीच आनंदाने शिकवलं नाही?" "शिकवलंत ना, बाई! पाचवीत. कपाटातली भिंगं दिली होतीत तेव्हा." ती आता आठवीत होती. कपाटाची किल्ली कुठे ठेवली, ते मला आठवेना.