पेटीग्रूचं तळं

गुड फ्रायडेच्या दुपारी चर्चमागच्या अंगणात लेनर्डने बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं आणि हॉइटच्या पोटात दुखायला लागलं. आत क्रॅपी मासे ओळीने निजवलेले होते, एकेक बशीएवढा. हॉइटच्या पेटीत जेमतेम तीस होते आणि त्यातले निम्मे तळहातात मावणारे.

सतरा वर्षं चर्चच्या या गुड फ्रायडेच्या माशांच्या जेवणाला सगळ्यात जास्त मासे हॉइटचे असत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत पाद्री त्याचं नाव घ्यायचे. तेवढ्यावर तो वर्षभर छाती काढून हिंडायचा. आणि आता हा ओहायोहून आलेला निवृत्त पोस्टमन, ज्याने गेल्या वर्षी आमिष लावताना स्वतःच्याच बोटात गळ टोचून घेतला होता!

"सगळी मिस्टर हॉइटची कृपा," लेनर्ड जमलेल्यांना सांगत होता. "त्यांनीच मला पेटीग्रूचं तळं सांगितलं."

सगळे हॉइटकडे बघायला लागले. काही जण गालातल्या गालात हसले. नवख्याने चांगलं तळं विचारलं तर खरं सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. मार्चमध्ये आमिषाच्या दुकानासमोर लेनर्डने विचारलं तेव्हा हॉइटने त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी गंभीर चेहऱ्याने त्याला पेटीग्रूला धाडलं होतं. त्या तळ्यात चिखलाशिवाय काही नाही, याची त्याला खात्री होती. स्वतः त्याने तिथे कधी गळ टाकला नव्हता, पण थोरल्या भावाने, व्हर्लनने, तसं सांगितलं होतं. हॉइट जगाला थापा मारायचा, पण व्हर्लनच्या शब्दावर त्याने कधी शंका घेतली नव्हती.

"पंपघराच्या कोपऱ्यात कुणीतरी झाडं बुडवलीत," लेनर्ड म्हणाला. "माझ्या होडीचा नांगर त्यांत अडकला. ओढला तर त्याच्याबरोबर हे वर आलं. कुणाचं असेल तर घेऊन जा."

त्याने पिशवीतून एक लोखंडी तिकाटणं काढलं. नाताळचं झाड उभं करायचं, तीन पायांचं. घासूनपुसून त्याने ते लख्ख केलं होतं. दोन पाय सारखे होते आणि तिसऱ्याच्या जागी शेतातल्या नांगराचा मोडका दात डाख देऊन जोडलेला होता.

हॉइटने ते हातात घेतलं. तो दात त्याच्या आणि व्हर्लनच्या वडिलांनी डाखला होता. आई असेपर्यंत दर नाताळला झाड त्यातच उभं राहायचं. आई गेल्यावर ते व्हर्लनकडे गेलं, आणि हॉइटने मागितलं तेव्हा व्हर्लन म्हणाला होता की गंजलं, भंगारात दिलं.

जानेवारीत नाताळची वाळलेली झाडं वजन बांधून तळ्यात सोडायची, म्हणजे वसंतात क्रॅपी त्यांच्या फांद्यांत घर करतात. हे इथे सगळेच करतात. कुठे सोडलं ते मात्र बायकोलाही सांगत नाहीत.

हॉइट तिकाटणं घेऊन कढईपाशी गेला. व्हर्लन मक्याच्या पिठात घोळवलेले तुकडे तेलात सोडत होता. जेवणाला तो मासे कधी आणायचा नाही, नुसते तळायचा. त्याने एकदा तिकाटण्याकडे पाहिलं आणि पुन्हा कढईत लक्ष घातलं.

"तिथे चिखल आहे म्हणाला होतास," हॉइट म्हणाला.

"म्हणालो होतो."

"आणखी कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. फक्त तुला."

हॉइटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं व्हर्लन हॉइटने पकडलेले मासे हॉइटच्याच समोर तळत होता, आणि घरी जाऊन पेटीग्रूचे खात होता. ताटाएवढे. एकटा.

"सख्ख्या भावाला?"

व्हर्लनने झारा कढईच्या काठावर आपटून तेल निथळवलं. "मी ज्या तळ्यावर गेलो, तिथे तिसऱ्या दिवशी तुझी होडी यायची. चौथ्या दिवशी सगळे म्हणायचे, हॉइटचं तळं. एक मला हवं होतं." मग तो लेनर्डच्या पेटीकडे बघत म्हणाला, "तेही तू देऊन टाकलंस."

तेवढ्यात पाद्री आले. या वर्षी प्रार्थनेत कुणाचं नाव घ्यायचं, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी लेनर्डकडे बोट दाखवलं, पण तो ऐकेना. मासे नुसते काढले आपण, म्हणाला, देणारे मिस्टर हॉइट.

मग सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. आपलं सगळ्यात चांगलं तळं शेजाऱ्याला मोकळ्या मनाने देणाऱ्या बंधू हॉइटबद्दल पाद्रींनी देवाचे आभार मानले. हॉइट तिकाटणं छातीशी धरून उभा होता.

"आमेन," सगळे म्हणाले. व्हर्लनचं सगळ्यांत मोठ्याने आलं.