सबसिडीची गाडी

"अमावास्या सरल्याशिवाय सुनेला घराबाहेर नेऊ नकोस," असं आईनं बजावलं, म्हणून हणमंतानं गाडी चार्जिंगलाच राहू दिली. आता बायकोच्या, रेश्माच्या, बाळंतकळा थांबेनात आणि गाडी जागची हलेना. सबसिडीमुळे ती निम्म्या किमतीत मिळाली होती. अट एकच होती, की तुटवडा पडला तर प्लगला लावलेल्या गाडीतली वीज सरकार परत ओढून घेणार. गावात सगळ्यांनी तसलीच गाडी घेतलेली, आणि आज सगळ्यांच्याच रिकाम्या. हणमंतानं तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला.

"घाबरू नका, घेऊन या," नर्सबाई म्हणाल्या. "मघाशी लाईट गेली होती, पण आता गाड्यांची वीज आलीय. थिएटर तयार आहे. आमची अँब्युलन्स तेवढी बंद पडलीय. तुमची गाडी आहे ना?"