काहीतरी राहिलंय

सासूबाईंनी शालनच्या तळहातावर कटाच्या आमटीचा थेंब टाकला. "बघ गं, जमलीय का?" तापातून उठून त्या आज पहिल्यांदाच गॅसपुढे आल्या होत्या.

लग्नापासून शालनने रांधलेलं काहीही चाखून त्या म्हणायच्या, "काहीतरी राहिलंय." काय, ते कधी सांगायच्या नाहीत.

आमटी फक्कड जमली होती. "काहीतरी राहिलंय," शालन म्हणाली.

"काय? मीठ? गूळ?"

"तेच तर सांगता येत नाही, आई."

त्यांचा चेहरा उतरला. शालनचा जीव कसा गार झाला!

त्यांनी पळी पुढे केली. "तूच घाल काय ते. तापापासून मेल्या जिभेला चवच नाही."

शालनने काहीही न घालता आमटी ढवळली, पुन्हा चाखली. आता खरंच काहीतरी राहिलं होतं. काय, ते तिलाही सांगता येईना.