अध्यक्षीणबाईंचे तीन फोटो

“काचा काढा, गुरुजी. लातूरपर्यंत रस्ता लई खराब हाय. फुटल्या तर माझ्यावर येईल,” प्रदर्शनाचा कारकून म्हणाला. वाचनालयाच्या दारात त्याची जीप सुरूच होती.

गुरुपादप्पा गुरुजींनी तिन्ही तसबिरी टेबलावर पालथ्या ठेवल्या. मागचे खिळे गंजले होते. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या प्रदर्शनाला गावाकडून जाण्यासारखं एवढंच होतं : वाचनालयाच्या पहिल्या तीन अध्यक्षांचे सपत्नीक फोटो. ते आता लातूरलाच राहणार होते.

“जरा थांबा. लेकरांचा ह्या फोटोंवरचा शेवटचा तास हाय.”

लेकरं सतरंजीवर बसली होती. प्रत्येकाच्या मांडीला घागर, कान रस्त्याकडं. श्रीमंत तर सारखा उठून दारात जात होता.

“बस की रे. टँकर तुला सोडून जात न्हाई.”

“काल गेला की, गुरुजी.”

गुरुजींनी पकडीनं पहिला खिळा ओढला. “अध्यक्षांची नावं पुस्तकात हायेत. त्यांच्या बायकांविषयी कुठं एक ओळ न्हाई. म्हणून आपण त्यांना फोटोत वाचायचं. नावं सांगा.”

“देशमुखांच्या तुळजाबाई, वकिलांच्या लक्ष्मीबाई, चंद्रप्पा शेटजींच्या महादेवी!” सगळी एका सुरात ओरडली.

“साठ वर्षांमागं, निजामाच्या राज्यात, आपल्या वाचनालयानं ठरवलं की दरसालच्या नव्या अध्यक्षानं बायकोसंगं बसून फोटो काढायचा. ते बघून तरी लोक पोरींना शाळेत धाडतील. मोठ्या घरची बाई तवा परक्या माणसाच्या कॅमेऱ्यापुढं येत नव्हती. ह्या तिघी आल्या. ध्यानात ठेवा.”

“पर तोंड कुठं दिसायलंय?” श्रीमंत म्हणाला. खरंच, तिघींचे पदर नाकापर्यंत ओढलेले होते. खाली ओठ आणि हनुवटी, बस.

“आल्या हेच लई झालं.”

पुढं बसलेल्या शिवकांतानं विचारलं, “हे फोटो तुमच्या वडलांनी काढले ना?”

“हाव. शिवप्पा फोटोवाले. गावात एकच कॅमेरा, तो आमच्या घरी.”

“मग तुमच्या आईचा फोटो दावा की.”

“न्हाई.”

“एक बी?”

“एक बी न्हाई.”

“हलवायाचं लेकरू पेढ्याला महाग!” श्रीमंत म्हणाला. कारकून हसला. गुरुजीही हसले, पण हातातला खिळा खाली पडला आणि तो शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

आई, लक्ष्मम्मा, गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते. चेहरा आठवत नव्हता. वडलांच्या मागं त्यांनी घरातली काचेची एकेक प्लेट उन्हाकडं धरून पाहिली होती. नवरदेव निघाले, फौजदार निघाले, कुणाचा शर्यतीचा बैलसुद्धा निघाला. आई निघाली नाही. उरलं होतं ते आत्यानं सांगितलेलं. दीड वर्षाचे असताना त्यांनी खेळता खेळता आईच्या गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर बत्ता हाणला होता. चांदीचा कोपरा आत गेला. सोनाराकडं द्यायची तर डबी अंगावरून उतरवावी लागली असती, आणि लिंगायतानं ती कधी उतरवायची नसते. आईनं ती मरेपर्यंत उतरवली नाही. मग ती तिच्यासोबतच मातीत गेली.

शेवटचा खिळा निघाला. वडलांनी या तसबिरी स्वतः बांधल्या होत्या. काळ्या पुठ्ठ्याला लंबगोल भोक पाडून त्यातून फक्त दोन डोकी दिसतील अशा. ‘उघडू नको, हवा लागून खराब होतील,’ असं बजावलंही होतं. गुरुजींनी आजवर ते पाळलं होतं.

पुठ्ठे बाजूला झाले आणि लेकरं टेबलावर तुटून पडली.

“पाय दिसायलेत!”

“खुर्ची बघा, तिघींना एकच!”

“आमच्याच घरची हाय ती,” गुरुजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी वडलांचं भिंग शिवकांताच्या हातात दिलं. “तोंड दिसत न्हाई तर बाकीचं वाच. लुगडं, हात, दागिने. सावकाश.”

तेवढ्यात वळणावर भोंगा वाजला.

“टँकर!”

घागरी एकमेकींवर आपटत दारातून बाहेर गेल्या. “माझी पण लाव रे, श्रीमंत!” शिवकांता ओरडली, पण जागची हलली नाही. भिंग तिनं एका फोटोवरून दुसऱ्यावर नेलं, मग तिसऱ्यावर, मग परत पहिल्यावर.

कारकुनानं पेनाचं टोपण काढलं. “बायकांची नावं सांगा, गुरुजी. खाली चिठ्ठ्या लावायच्यात.”

“गुरुजी, वकीलसाहेब लिंगायत होते का?” शिवकांतानं विचारलं.

“न्हाई ग. ब्राह्मण.”

“आन् देशमुख?”

“ते मराठे. चंद्रप्पा शेटजी तेवढे आपल्यातले. का ग?”

पोरीचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडं गेला. “मग तिघींच्याबी गळ्यात लिंगाची डबी कशी?”

“दुसरा दागिना असंल. नीट बघ.”

“डबीच हाय. कोपरा आत गेलाय.” तिनं पुन्हा भिंग टेकवलं. “तिघींचाबी. एकाच जागी.”

बाहेर नंबरावरून भांडण पेटलं होतं. गुरुजींनी भिंगासाठी हात पुढं केला, मग तो तसाच फोटोवर ठेवला. पदराखालच्या हनुवटीवर.

“सांगा की, गुरुजी,” कारकून म्हणाला. “टँकरमागं जीप अडकली तर इथंच सांज व्हईल. पहिल्याखाली काय लिवू?”

“तिन्हीखाली एकच लिवा,” गुरुजी म्हणाले. “लक्ष्मम्मा शिवप्पा.”